परिषद त्यांची, सोलापूर आमचं

महाराष्ट्रातल्या मंगल कार्यालयांना दिवाळीपासून होळीपर्यंत दोन प्रकारची गिऱ्हाइकं मिळतात. एक लग्नवाले, दुसरे परिषदवाले. कार्यालयाच्या मालकाला दोघांत फारसा फरक दिसत नाही. खुर्च्यांची तीच पांढरी कव्हरं, तोच केटरर, दारात गुलाबाची फुलं वाटणाऱ्या त्याच मुली. फरक दिसतो तो रुसव्याच्या वेळी. लग्नात व्याह्यांकडचं कुणी रुसलं तर समजूत काढायला माणसं धावतात. परिषदेत सोबत आलेला नवरा किंवा बायको रुसली, तर त्यांच्यासाठी दुपारी तीन वाजता तंबोला ठेवलेला असतो.

मी या तंबोल्याच्या पक्षातला. बायको भूलतज्ज्ञ, मी बँकेतून निवृत्त. तिच्या शाखेची राज्य परिषद कुठंही भरली की तिची नोंदणी ‘डेलिगेट’ म्हणून होते आणि माझी ‘अकंपनिंग पर्सन’ म्हणून. नोंदणीच्या फॉर्मवर दरपत्रक असतं. लवकर पैसे भरणाऱ्याला एक दर, रेंगाळणाऱ्याला दुसरा, आणि थेट दारात येऊन उभा राहणाऱ्याला तिसरा; तो ऐकून माणसानं आल्या पावली परत जावं अशी योजना. त्याखाली सभासद, बिगरसभासद, शिकाऊ डॉक्टर असे वर्ग आणि सगळ्यांत शेवटी आम्ही. आमच्या खाली फक्त एकच ओळ: ‘पाच वर्षांखालील मुले, मोफत’. आमचा दर जेवणांच्या हिशेबानं ठरवलेला असतो, कारण आम्ही जेवण्याखेरीज दुसरं काही करणार नाही याची आयोजकांना खात्री असते.

त्यातून भूलतज्ज्ञ ही जमात मुळातच अप्रसिद्ध. 1846 साली बॉस्टनमध्ये ईथरच्या गुंगीत ऑपरेशन करता येतं हे चारचौघांसमोर सिद्ध झालं, तेव्हापासून जगातला प्रत्येक सर्जन या मंडळींच्या जिवावर कापाकापी करतो आहे. पण रुग्ण सर्जनचं नाव नातवंडांपर्यंत सांगतो आणि भूल देणाऱ्याचं नाव त्याला ठाऊकच नसतं. ओळख होते न होते तोच तो झोपतो! अशा अप्रसिद्ध माणसाच्या सोबत आलेल्या माणसाला कोण विचारतो, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

यंदाची परिषद सोलापूरला होती, जानेवारीच्या अखेरीस. ‘सोलापूर? तिथं काय आहे?’ असं आमच्या पुण्यातल्या सोसायटीत तिघांनी विचारलं. पुणेकर हा प्रश्न पुणे सोडून सगळ्याच गावांबद्दल विचारतो. वास्तविक सोलापूरला असल्या मेळाव्यांचं काही नवल नाही. मराठी साहित्य संमेलन तिथं 1941 मध्ये वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली भरलं होतं आणि 2006 मध्ये मारुती चितमपल्लींच्या. न्यायमूर्ती रानड्यांनी 1878 मध्ये पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावलं, तेव्हापासून मराठी माणूस जमायला निमित्तच शोधतो आहे. त्या ग्रंथकारांनी बायका बरोबर आणल्या नसाव्यात. आणल्या असत्या तर त्यांना पर्वती दाखवायला एक समिती नेमावी लागली असती, आणि त्या समितीतलं भांडण वाङ्मयेतिहासात अजरामर झालं असतं.

आम्ही वंदे भारतनं गेलो. 10 फेब्रुवारी 2023 पासून ही गाडी मुंबई-सोलापूर धावते. परिषदेच्या आदल्या संध्याकाळी तिच्यात पाऊल टाकलं की आपण गाडीत आहोत की डॉक्टरांच्या खोलीत, कळत नाही. निम्म्या डब्याच्या मांडीवर लॅपटॉप. व्याख्यानाचं निमंत्रण सहा महिने आधी आलेलं असतं आणि व्याख्यान दौंड ते कुर्डुवाडी या पट्ट्यात तयार होतं, असा माझा अभ्यास आहे. उजनीचं पाणी बाहेर अंधारात कधी येऊन गेलं, डब्यातल्या कुणालाच समजलं नाही.

“अहो, जरा घड्याळ लावा ना. आठ मिनिटांत बसतंय का बघा.”

सोबत आलेल्याचं पहिलं अधिकृत काम ते हे. ही पुटपुटत बोलू लागली, मी घड्याळ धरलं. विषय होता कमरेच्या खालचा भाग बधिर करण्याचा. मला त्यातलं काही कळत नाही, पण ऐकताना माझा उजवा पाय खरोखरच झोपला.

“अकरा मिनिटं,” मी म्हटलं.

“मग कुठली स्लाइड काढू?”

“जिच्यात अक्षरं जास्त आहेत ती.”

तिनं शेवटची काढली. तिच्यावर आमचा दोघांचा महाबळेश्वरचा फोटो होता.

स्टेशनवर आयोजकांनी गाडी पाठवली होती. ड्रायव्हर बोलका निघाला. “रेल्वेनं आलाव होय? आता आपल्याकडं विमान बी आहे की ओ!” मग त्यानं सगळा इतिहास सांगितला. विमानतळाजवळच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी विमानांच्या आड येते म्हणून वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी 15 जून 2023 ला ती पाडली आणि 2025 च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. ही इतका वेळ मोबाइलमध्ये स्लाइडी बघत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “श्वासाचा मार्ग मोकळा केल्यावर दोन वर्षं वाट बघायची असते होय?” ड्रायव्हरला विनोद कळला नाही, पण मॅडम डॉक्टर आहेत हे कळलं. उतरताना त्यानं त्यांना स्वतःच्या गुडघ्याबद्दल विचारून घेतलं.

हॉटेलच्या न्हाणीघरात ‘पाणी जपून वापरा’ अशी पाटी होती. अशा पाट्या सगळीकडं असतात आणि कुणी वाचत नाही. सोलापुरात वाचावी. उशाला उजनीएवढं धरण असूनही या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि गावकरी आपले बेत त्यावरून ठरवतात. मॅनेजरला मी सहज विचारलं, इथल्या माणसांना गाठायचं तर कुठला वार बरा? तो म्हणाला, “पाण्याचा दिवस सोडून कुठला बी.”

दुसऱ्या दिवशी नोंदणीच्या टेबलापुढं रांग लागली. ही रांग बघण्यासारखी असते. रोज दोन-दोन ऑपरेशन थिएटर सांभाळणारी, पेशंटचा रक्तदाब ढासळला तरी शांत राहणारी माणसं इथं एका कापडी बॅगेसाठी अस्वस्थ झालेली असतात. “बॅगा संपल्या नाहीत ना?” हा प्रश्न रांगेच्या टोकापासून टेबलापर्यंत हातोहात पोचतो. बॅगेत असतं काय? एक पॅड, एक पेन, जेवणाची कुपनं, जाडजूड स्मरणिका आणि औषध कंपनीची घडीपत्रकं. ही बॅग पुढची पाच वर्षं दवाखान्यात डबा न्यायला वापरली जाते. अर्ध्या तासात सगळ्या कार्यालयात एकाच निळ्या रंगाच्या बॅगा फिरू लागल्या. सोलापूर हे शाळांचे गणवेश शिवणारं मोठं केंद्र आहे, त्यामुळं या दृश्याचं गावाला काही वाटलं नसावं.

आमची बॅग वेगळी होती. आकारानं लहान, पण ती भरणारी माणसं सोलापुरी गृहिणी असाव्यात, कारण तिच्यात पॅड-पेन काहीच नव्हतं. एक सोलापुरी टॉवेल, शेंगाचटणीचं पाकीट आणि कडक भाकरीची चळत. हिनं माझ्या बॅगेत डोकावून बघितलं, मग स्वतःच्या बॅगेतलं पॅड बघितलं, आणि बावीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर पहिल्यांदाच तिला आपण चुकीच्या रकान्यात नाव घातलं असं वाटलेलं मला दिसलं. बिल्ल्याचं मात्र नेहमीचंच. तिच्या गळ्यात निळी फीत, बिल्ल्यावर पूर्ण नाव, गाव, नोंदणी क्रमांक. माझ्या गळ्यात पिवळी फीत, बिल्ल्यावर तिचंच नाव आणि खाली बारीक अक्षरात माझा वर्ग.

उद्घाटन सहाला होतं, म्हणजे सव्वासातला झालं. समई पेटवायची तर एसीचा झोत नेमका तिच्यावर. पाच मान्यवर, पाच वाती, एक मेणबत्ती. तिसरी वात लागली की पहिली विझे. शेवटी एका तरुण डॉक्टरनं दोन्ही तळहातांचा आडोसा केला, तेव्हा ज्ञानाचा प्रकाश पडला. मग भाषणं. पहिल्या वक्त्यानं सांगितलं, ही डॉ. कोटणिसांची भूमी आहे. दुसऱ्यानं सांगितलं, आपण कोटणिसांच्या जन्मभूमीत जमलो आहोत. तिसऱ्यानं आधीच्या दोघांनी सांगितलंच आहे असं म्हणून पुन्हा सांगितलं. चौथे मंत्रालयातून आले होते, त्यांनी कोटणिसांची शांतारामबापूंच्या सिनेमाशी सांगड घातली. एव्हाना सभागृहातल्या बऱ्याच माना कलल्या होत्या. इतर परिषदांत श्रोते झोपले तर तो वक्त्याचा अपमान होतो. भूलतज्ज्ञांच्या परिषदेत तो विषयाला धरूनच म्हणायचा. माझ्या शेजारचे ज्येष्ठ डॉक्टर पुढच्या रांगेकडं बघून हलक्या आवाजात म्हणाले, “श्वास नियमित आहे. काळजी नाही.”

शनिवारी सकाळी डेलिगेट मंडळी तीन सभागृहांत विभागली गेली आणि आमची बस निघाली. इथून पुढं ज्याला मी खरी परिषद म्हणतो ती सुरू झाली.

सोबत आलेल्यांमध्येही पोटजाती असतात. पहिली, परिषदा कोळून प्यालेल्या. त्यांना कुठल्या गावाला काय मिळतं ते पाठ असतं, आणि त्या येताना एक रिकामी सुटकेस आणतात. दुसरी, नवविवाहिता. त्यांना अजून वाटत असतं की नवरा दुपारी येतो म्हणाला म्हणजे येईल. तिसरी जात स्वतः डॉक्टर असलेल्यांची. त्यांची शाखा वेगळी असते, आपण खरं तर इथं यायला नको होतं हे त्या प्रत्येकीला एकदा तरी सांगतात. चौथी आणि अल्पसंख्य जात आम्हा नवऱ्यांची. आम्ही बसमध्ये शेवटच्या बाकावर बसतो, एकमेकांना निवृत्तीची तारीख विचारतो आणि ‘महिलांसाठी रांगोळी स्पर्धा’ हा कार्यक्रम पत्रिकेवर आला की खिडकीबाहेर बघतो. एका नाशिकच्या गृहस्थांनी मागच्या खेपेला रांगोळीत भाग घेऊन उत्तेजनार्थ बक्षीस मिळवलं होतं. त्यांच्याकडं आम्ही जरा आदरानं बघत होतो.

बसचा कारभार एका स्थानिक डॉक्टरांच्या पत्नीकडं होता. सगळे त्यांना काकू म्हणत होते. हातात माइक असूनही त्यांना त्याची गरज नव्हती. “चला की ओ, बसा लवकर! उन्हाचं सिद्धेश्वराला पाय भाजतेत!” निघण्यापूर्वीच पहिला वाद झाला. अर्ध्या बसला अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जायचं होतं, अर्ध्या बसला तुळजापूरला भवानीच्या. दोन्ही चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या आत, पण एक या दिशेला, दुसरं त्या. एका काकांना नान्नजला माळढोक बघायचा होता. काकू म्हणाल्या, “काका, अभयारण्य 1979 पासून तिथंच आहे, ते कुठं जात नाही. पण माळढोक दिसला तर पेपरात फोटो येतो इतका तो दुर्मीळ झालाय.” काका म्हणाले, चितमपल्लींसारखा पक्षी ओळखणारा माणूस ज्या गावानं दिला, तिथं येऊन आपण टॉवेल घ्यायचे? बस गप्प झाली. मग काकूंनी निर्णय दिला: आज गाव, उद्या तुळजापूर, आणि काकांनी पुढच्या वेळी एकट्यानं यावं. कुठल्याही संघटनेच्या सर्वसाधारण सभेत इतक्या लवकर ठराव संमत झाल्याचं माझ्या माहितीत नाही.

सिद्धेश्वराचं देऊळ तलावात आहे, भुईकोट किल्ल्याच्या शेजारी. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वर या शिवयोग्यानं तलाव खोदला, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. संक्रांतीच्या सुमारास त्यांची यात्रा भरते, तिला सोलापूरकर गड्डा म्हणतात. काकूंनी तलावाच्या काठावर उभं राहून त्या यात्रेमागची कथा सांगितली. एका कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करीन असा हट्ट धरला. ते तर योगी, आपल्या कामात गढलेले. शेवटी त्यांनी आपल्या योगदंडाशी तिला लग्न करायला सांगितलं. तेव्हापासून दरवर्षी संमतीकट्ट्यावर त्या लग्नाच्या अक्षता पडतात, उंचच उंच नंदीध्वज मिरवतात आणि सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत वऱ्हाडी होऊन येतं.

काकूंनी भक्तिभावानं सांगितलं आणि सगळ्यांनी भक्तिभावानं ऐकलं. पण नवरा कामात आणि लग्न लागलं त्याच्या दंडाशी, हे ऐकताच बसमधल्या डॉक्टर-पत्नींनी एकमेकींकडं बघितलं. लातूरच्या एक बाई सावकाश म्हणाल्या, “आमच्या घरी स्टेथोस्कोप आहे.” त्यापुढं दर्शन फार हसतमुखानं झालं.

तिथून आम्ही भैय्या चौकात कोटणिसांच्या घरी गेलो. घराचं आता स्मारक झालं आहे. आदल्या संध्याकाळी चार वक्त्यांनी ज्यांचं नाव घेतलं ते द्वारकानाथ कोटणीस 1910 साली सोलापुरात जन्मले. चीन-जपान युद्धात 1938 मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. बाकीचे परतले, हे मागं राहिले. आघाडीवर जखमींची ऑपरेशनं करत राहिले. 9 डिसेंबर 1942 ला गेले तेव्हा वय अवघं बत्तीस. तिथंच त्यांनी ग्वो छिंगलान या नर्सशी लग्न केलं होतं. नवरा डॉक्टर, बायको नर्स, दोघंही एकाच कामावर. या जोडप्यात अकंपनिंग पर्सन कुणीच नव्हतं, दोघंही डेलिगेट. भिंतीवरच्या फोटोंपुढं आमची बस बराच वेळ रेंगाळली. रिकाम्या सुटकेसवाल्या बाईसुद्धा. त्या वेळी परिषदेत कुणीतरी नक्की म्हणत असणार, की ही कोटणिसांची भूमी आहे. आणि ऐकणारे मनगटावरच्या घड्याळात जेवणाची वेळ बघत असणार.

मग चादरी. सोलापूरला जाऊन चादर न घेता परतणं कायद्यानं गुन्हा नाही, पण घरी प्रवेश मिळत नाही. काकूंनी आम्हाला पूर्व भागातल्या एका दुकानात नेलं. तेलंगणाकडून आलेल्या पद्मशाली विणकरांनी वसवलेला, मागांच्या खडखडाटावर वाढलेला हा भाग. गादीवर बसलेल्या शेठनी आमच्याशी मराठी सुरू केलं, पोऱ्याला तेलुगूत माल काढायला सांगितला, फोनवर कुणाला तरी कन्नडमध्ये भाव दिला आणि नागपूरच्या बाईंनी सवयीनं ‘भैया, थोडा कम करो’ म्हटल्याबरोबर हिंदीत नकार दिला. चार भाषा, एक भाव! सोलापूरचा माणूस चार भाषा बोलतो असं ऐकून होतो. एका श्वासात बोलतो हे तिथं समजलं.

शेठ चादर दाखवत नाहीत, उडवतात. दोन्ही हातांत दोन टोकं धरून एकच झटका. चादर हवेत पूर्ण उलगडते, क्षणभर छतासारखी थांबते आणि आपल्या पायांवर येऊन पडते. मग तिची दुसरी बाजू. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरी वेल असेल तर पालथ्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर तीच वेल लाल. जॅकार्ड मागावरच्या दुहेरी विणीची ही करामत, त्यामुळं चादरीला उलट-सुलट नसतं. नागपूरच्या बाईंनी विचारलं, “ही आमच्याकडं यापेक्षा स्वस्त मिळते, कशी काय?” शेठ दुखावले नाहीत, त्यांना हा प्रश्न रोजचा असावा. “ती सोलापुरी नावाची पानिपतची चादर, ताई. आमच्या चादरीला सरकारनं भौगोलिक मानांकन दिलंय. पण मानांकन कागदावर असतंय आणि गिऱ्हाईक रस्त्यावर. तुम्ही असं करा,” असं म्हणून त्यांनी चादरीची घडी बाईंच्या दोन्ही हातांवर ठेवली. “वजन बघा.” बाईंचे हात खाली गेले. सौदा तिथंच संपला. घासाघीस मोडून काढायचं इतकं सभ्य तंत्र आम्ही बँकेतल्या वसुली विभागाला कधीच शिकवलं नाही.

आम्ही दुपारी परत आलो तेव्हा बसच्या पोटात चादरींची चळत होती आणि सभागृहात ‘भोजनोत्तर सत्र’ चालू होतं. ही स्टॉलवर भेटली. “कसं होतं सोलापूर?” तिनं विचारलं. मी विचारलं, “तुझं व्याख्यान?” “सात मिनिटांत संपवलं. पुढचा वक्ता बावीस मिनिटं बोलला, अध्यक्ष घंटी शोधत होते.” तिनं सकाळपासून बाहेरचं ऊन बघितलं नव्हतं. खिडक्यांना काळे पडदे, समोर स्लाइडी, मधल्या वेळात कागदी कपातला चहा. हेच सभागृह उचलून नाशकात, नांदेडात, रत्नागिरीत नेऊन ठेवलं असतं तरी आतल्यांना पत्ता लागला नसता.

माझी खरी किंमत रात्रीच्या मेजवानीत वाढली. लॉनवर एका बाजूला कराओके. रोज दुसऱ्यांचे श्वास मोजणारी माणसं स्वतःचा श्वास कडव्याच्या मध्यात संपवत होती. दुसऱ्या बाजूला जेवण. पास्ता करून देणारा माणूस एकटा उभा होता, आणि सोलापुरी काळ्या मटणापुढं दिवसभरात कुठल्याच सत्राला झाली नव्हती इतकी गर्दी. शाकाहारी मंडळी शेंगाची आमटी आणि कडक भाकरीपाशी अडखळली होती. कडक भाकरी ही मंगळवेढ्याकडच्या ज्वारीची पापडाइतकी वाळवलेली भाकरी. चावायला गेलात तर दाताचा डॉक्टर लागतो. मुंबईचे एक प्राध्यापक ती हातात घेऊन प्रयोगाचं उपकरण बघावं तशी बघत होते. “सर, चावू नका. चुरा करा, आमटीत भिजवा, वर कच्चा कांदा,” मी म्हटलं. सकाळी काकूंनी शिकवलेलं. त्यांनी केलं, खाल्लं आणि माझ्या पिवळ्या फितीकडं बघत विचारलं, “चटणी चांगली कुठं मिळते?” मी सांगितलं: मिक्सरमधली नको, उखळात कुटलेली घ्या, हाताला शेंगदाण्याचं तेल लागलं पाहिजे. दोघं-तिघं आणखी आले. चादर कुठली, तलावाला संध्याकाळी जावं की सकाळी, कोटणिसांचं घर नेमकं कुठं? पाच-सहा डॉक्टर घोळका करून ऐकत होते, एकानं तर मोबाइलवर टिपून घेतलं. ही लांबून बघत होती. जवळ येऊन म्हणाली, “तुमच्या व्याख्यानाला माझ्यापेक्षा जास्त माणसं आहेत.” आणि कुणीही झोपलं नव्हतं, हे तिनं सांगितलं नाही, पण तिच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

रविवारी समारोप. वैद्यक परिषदेच्या नियमानुसार डॉक्टरांना पाच वर्षांत तीस क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात, तरच नोंदणीचं नूतनीकरण होतं. म्हणून शेवटच्या दिवशी प्रमाणपत्राच्या टेबलापुढं पुन्हा तीच रांग आणि तीच अस्वस्थता. सत्राला कोण बसलं, कोण नाही, हे बिल्ल्यावरची पट्टी यंत्राखाली धरून मोजतात. यंत्र शरीर मोजतं, लक्ष मोजायची सोय अजून निघालेली नाही. त्याच वेळी आमची बस तुळजापूरहून परत येत होती. आम्ही दर्शन घेतलं होतं, वाटेत एका शेतात हुरडा खाल्ला होता, ज्वारीचं कणीस कुठल्या दिवसांत भाजायचं ते शेतकऱ्याकडून शिकलो होतो. आमच्या बिल्ल्याला पट्टी नव्हती, त्यामुळं यातलं काहीच कुठं मोजलं गेलं नाही.

म्हणून राज्यातल्या तमाम परिषदांच्या आयोजन समित्यांना माझी नम्र विनंती आहे. दरपत्रकात आमची ओळ खाली राहू द्या, आमचं काही म्हणणं नाही. रांगोळी स्पर्धा मात्र बंद करा किंवा डेलिगेटांसाठी ठेवा. शनिवारची दुपारची सत्रं रद्द करून सगळ्या डॉक्टरांना आमच्या बसमध्ये बसवा, आणि माइक एखाद्या काकूंच्या हाती द्या. उद्घाटनाला ज्या थोर माणसाचं नाव घ्याल, त्याचं घर दाखवल्याशिवाय कुणाला प्रमाणपत्र देऊ नका. आणि डॉक्टर वाचकांनो, तुमची परिषद सोलापूरला असेल तर एक सत्र खुशाल बुडवा. क्रेडिट पॉइंट हल्ली ऑनलाइनही मिळतात. संमतीकट्टा, भैय्या चौक आणि उखळातली चटणी यांच्यासाठी सोलापूरलाच जावं लागतं.